काचपेटीतली रात्र

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतल्या रोपवाटिकांमध्ये आणि पुष्पप्रदर्शनांत एक नवी शोभेची वस्तू दिसू लागली आहे. काचेची पेटी, आत ओले शेवाळ आणि त्यात रुजवलेले एखादे कीटकभक्षी झाड. कधी जबड्यासारखी पाने मिटणारा व्हीनस फ्लायट्रॅप, कधी पानांच्या टोकांना सुरया लटकवणारी घटपर्णी, तर कधी अंगभर चिकट थेंब मिरवणारा दवबिंदू. मुले पेटीला नाक लावून उभी राहतात आणि मुलांच्या आग्रहापुढे आईवडील खिशात हात घालतात. या वेळी विक्रेत्याला हमखास एक प्रश्न विचारला जातो : 'याला खायला काय घालायचे?'

माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. ही झाडे उपासमारीने मरत नाहीत. महिनोन् महिने एकही माशी मिळाली नाही तरी त्यांचे फारसे बिघडत नाही, कारण पोट भरण्याचे मुख्य काम त्यांचे हिरवे पान इतर झाडांप्रमाणेच सूर्यप्रकाशावर करत असते. कीटक हे त्यांचे जेवण नव्हे, ते त्यांचे खत. निकस, पाणथळ जमिनीत जे नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळत नाही, ते ही झाडे किड्यांकडून वसूल करतात, इतकेच. विक्रेत्याला विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे : 'या झाडाला रात्र किती थंड लागते?' आणि त्यापाठोपाठ स्वतःला विचारायचा प्रश्न : 'तेवढी थंड रात्र माझ्या घरात आहे का?'

पुण्यात माझ्या गॅलरीत आणि खिडकीच्या कट्ट्यावर बरीच वर्षे ही झाडे आहेत, आणि त्यांच्या शेजारी टांगलेल्या थर्मामीटरचे रोजचे कमाल-किमान आकडे एका वहीत आहेत. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक आपापली आजारी झाडे घेऊन माझ्याकडे येतात. 'काका, रोज माशी घालतोय, तरी काळं पडत चाललंय,' असे सांगत शेजारच्या इमारतीतला इंजिनीअरिंगचा विद्यार्थी मे महिन्यात एक फ्लायट्रॅप घेऊन आला होता. पेटी कुठे ठेवतोस, असे विचारले तर म्हणाला, 'टीव्हीच्या वर, झाकण लावून. दमट हवा लागते ना त्याला!' त्या झाडाला माशीची नव्हे, झाकण उघडण्याची गरज होती. असे रुग्ण इतके पाहिले, की आता निदान करायला झाडाकडे पाहावेही लागत नाही.

या घोटाळ्याचे मूळ एका समजुतीत आहे. मांसाहारी झाड म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर घनदाट, उकाड्याने घुसमटणारे जंगल उभे राहते. चित्रपटांनी आणि साहसकथांनी ही समजूत घट्ट केली. प्रत्यक्षात ही मंडळी कुठे राहतात ते पाहावे. फ्लायट्रॅप जगात फक्त अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना या राज्यांच्या किनारी पट्ट्यात, विल्मिंग्टन शहराच्या आसपास सापडतो. तिथला उन्हाळा चांगलाच गरम असतो. पण हिवाळ्यात दहिवर गोठते आणि हे झाड तीन-चार महिने चक्क झोपी जाते. पानांची सुरई करणारी हेलिअँफोरा व्हेनेझुएलाच्या बाजूच्या टेपुई या सपाट माथ्याच्या पर्वतांवर धुक्यात वाढते. घटपर्णींतली सर्वांत प्रसिद्ध 'नेपेंथिस राजा' बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर आणि त्याच्या शेजारच्या डोंगरावर दीड हजार ते साधारण साडेसव्वीसशे मीटर उंचीवर असते. (हे 'राजा' नाव सारवाकवर राज्य करणाऱ्या जेम्स ब्रूक या इंग्रजाच्या सन्मानार्थ जोसेफ हूकरने १८५९मध्ये दिले.) विषुववृत्ताजवळ असूनही तिथे रात्री स्वेटर लागतो, कारण दर हजार मीटर चढले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. समुद्रकाठी किमान तापमान चोवीस अंश असेल, तर दोन हजार मीटरवर ते बारा अंशांच्या आसपास येते. हिशेब सोपा आहे, फक्त तो कुणी करत नाही.

घटपर्णी पाळणारे म्हणूनच आपल्या झाडांच्या दोन जाती मानतात : सखल प्रदेशातल्या आणि डोंगरावरच्या. सखल प्रदेशातल्या जातींना दिवसा तीस अंश आणि रात्री वीस-बावीस अंश चालतात. डोंगरावरच्यांना दिवसा वीस ते पंचवीस आणि रात्री दहा ते पंधरा अंश हवे असतात. वेलीला चिठ्ठी लावलेली नसते; दोन्ही सुरया दुकानात सारख्याच सुंदर दिसतात. फरक कळतो तो सहा महिन्यांनी, जेव्हा एकीला नव्या सुरया येतात आणि दुसरीची पाने लहान लहान होत जातात.

आता ही झाडे ज्या काचेच्या पेटीत ठेवायची, तिच्याकडे वळू. या पेटीचा जनक नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हा लंडनच्या पूर्व भागातला डॉक्टर. धुरकट हवेत त्याची नेचेवर्गीय झाडे जगत नसत. १८२९मध्ये त्याने एका पतंगाचा कोष ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला. पतंगाचे काय झाले यापेक्षा त्या मातीत एक नेचा आणि गवताचे पाते उगवले, हेच महत्त्वाचे ठरले. पुढे १८३३मध्ये त्याने अशा दोन पेट्या भरून सिडनीला धाडल्या आणि परतीच्या प्रवासात ऑस्ट्रेलियातली झाडे मागवली. त्या प्रवासाची तापमाने वॉर्डने नोंदवून ठेवली आहेत. सिडनीत पेट्या बंद केल्या तेव्हा पारा नव्वद ते शंभर फॅरनहाइट होता. केप हॉर्नच्या वळणावर तो वीसपर्यंत उतरला आणि डेकवर फूटभर बर्फ साचला. विषुववृत्त ओलांडताना तो एकशेवीसवर चढला, आणि नोव्हेंबरात इंग्लिश खाडीत शिरताना पुन्हा चाळीसवर आला. आपल्या मापात सांगायचे तर उणे सातपासून एकोणपन्नास अंश सेल्सिअसपर्यंत! तरीही आठ महिन्यांनी झाडे जिवंत होती.

या प्रयोगाने जगाचा नकाशा बदलला, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४८ नंतरच्या मोहिमेत चीनमधली चहाची रोपे हिंदुस्थानात आणली ती याच पेट्यांतून. परंतु लोकांनी त्यातून एक सोयीस्कर धडाही घेतला : काचेत घातले, की झाड कशालाही तोंड देते. हा धडा अर्धवट आहे. वॉर्डच्या पेटीने झाडाला खाऱ्या तुषारांपासून आणि कोरड्या वाऱ्यापासून वाचवले. उष्णतेपासून नव्हे. पेटी जहाजाच्या डेकवर होती; सूर्य मावळला की काच थंड होत होती आणि विषुववृत्ताचा तो भाजणारा पारा कायमचा मुक्कामाला आला नव्हता. टीव्हीवरच्या पेटीचे तसे नसते.

काचेची पेटी तापते कशी, याविषयीही आपण शाळेत थोडे भलतेच शिकलो आहोत. काच उन्हाला आत घेते आणि उष्णतेच्या किरणांना बाहेर जाऊ देत नाही, म्हणून काचघर तापते, असे पाठ्यपुस्तक सांगते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड याने १९०९मध्ये दोन सारख्या पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काच होती, दुसरीवर सैंधवाची पारदर्शक पाटी. सैंधव उष्णतेचे किरण अडवत नाही, तरीही दोन्ही पेट्यांतला पारा पंचावन्न अंशांच्या आसपास गेला. पेटी तापण्याचे मुख्य कारण म्हणजे आतली गरम हवा वर उठून निघून जाऊ शकत नाही. म्हणजेच दोष काचेचा कमी, झाकणाचा जास्त. आपल्या कामापुरता याचा अर्थ फार सरळ आहे : ऊन थेट पडत असेल तर बंद पेटी ही पेटी राहत नाही, ती भट्टी होते, आणि तिचा उपाय दोन बोटे उघडलेले झाकण हा आहे.

बंद झाकणाचा दुसरा तोटा अधिक सूक्ष्म आहे. झाड स्वतःला थंड ठेवते ते पानांतून पाणी उडवून, आपल्या घामासारखेच. माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. पण मुंबईत जुलै महिन्यात माठ कितीसा गार होतो? हवा आधीच पाण्याने भरलेली असली, की आणखी पाणी उडायला जागा उरत नाही. झाकण लावलेल्या पेटीत बारा महिने तेरा काळ मुंबईचा जुलै असतो. दमटपणा वाढवावा म्हणून आपण झाकण लावतो आणि नेमकी त्यामुळेच पानाची घाम गाळण्याची सोय बंद करतो. त्यावर दिव्याची उष्णता ओतली, की पान हवेपेक्षाही जास्त तापते. ओलावा आणि गारवा ही दोन्ही सुखे बंद काचेत एकत्र नांदत नाहीत, हे या छंदातले पहिले सत्य आहे.

व्हिक्टोरिअन इंग्लंडने या सत्याची मोठी किंमत मोजली. उष्ण कटिबंधातून आलेले प्रत्येक झाड 'स्टोव्ह' नावाच्या कढत काचघरात कोंडायचे, अशी रीत तिथे पडली होती. त्या भट्टीत उंच डोंगरांवरची ऑर्किडे मोठ्या संख्येने मेली. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थच्या बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने मात्र निराळ्या झाडांसाठी निराळ्या तापमानाची घरे केली आणि हवा खेळती ठेवली. त्याने १८३५मध्ये जॉन गिब्सन या आपल्या तरुण माळ्याला हिंदुस्थानात पाठवले होते आणि गिब्सनने खासी टेकड्यांतून ऑर्किडे गोळा केली होती. या भागात ज्याने थंडीवाऱ्यात दिवस काढले आहेत, त्याला झाड कढत खोलीत कोंडण्याचे मोल कळते. आपल्या देशातली एकमेव घटपर्णी, नेपेंथिस खासियाना, हीदेखील मेघालयातल्या याच गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांची रहिवासी आहे. 'उष्ण कटिबंध' हा नकाशावरचा पट्टा असतो. झाड नकाशावर राहत नाही, ते विशिष्ट उंचीवर आणि विशिष्ट रात्रीत राहते.

रात्रीवर माझा एवढा रोख का, ते आता सांगतो. दिवसा झाड उन्हाच्या बळावर साखर तयार करते; ही त्याची कमाई. पण श्वसन चोवीस तास चालू असते आणि त्यात ही साखर जळते. हा त्याचा खर्च. सर्वसाधारण नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग सुमारे दुप्पट होतो. डोंगरावरच्या झाडाची रात्र बारा अंशांची असते. आपण त्याला बावीस अंशांच्या खोलीत ठेवले, की त्याचा रात्रीचा खर्च दुप्पट झाला. कमाई मात्र तीच. वर धुक्यातल्या, मंद उजेडातल्या झाडाची कमाई मुळातच बेताची. पगार तोच आणि घरभाडे दुप्पट, अशा संसाराचे जे होते तेच त्या झाडाचे होते : आधी चैनीच्या वस्तू बंद होतात, मग गरजेच्या. घटपर्णीची सुरई ही चैन आहे. म्हणून सर्वांत आधी सुरया येणे थांबते. पान त्यानंतर लहान होते. मरण सर्वांत शेवटी येते, आणि ते इतके सावकाश येते, की मालकाला वाटते, पाणी कमी पडले असेल.

याच्या उलट, थोड्या वेळाचा उन्हाचा तडाखा ही झाडे आश्चर्यकारकरीत्या सोसतात. चार्ल्स डार्विनने कीटकभक्षी वनस्पतींवर १८७५मध्ये लिहिलेल्या ग्रंथात उष्णतेसाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. दवबिंदूची पाने त्याने वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात बुडवून पाहिली. पन्नास अंशांच्या आसपास पानावरचे केस झपाट्याने आत वळले. चौपन्न अंशांच्या सुमारास पान बधिर झाले, पण पुढे सावरले. साठ अंशांच्या पलीकडे मात्र ते चिनीमातीसारखे पांढरे पडून मेले. थंड, दलदलीच्या प्रदेशात राहणारे हे नाजूक झाड इतकी उष्णता सोसते! तेव्हा मे महिन्यात दुपारी दोन वाजता पेटीजवळचा पारा अडतीस दाखवतो म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. घाबरायचे ते पहाटे चार वाजताच्या आकड्याला.

पहाटे चार वाजता उठून कोण पाहणार? त्यासाठी जेम्स सिक्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने १७८०च्या सुमारास कमाल आणि किमान दोन्ही आकडे धरून ठेवणारा थर्मामीटर शोधून काढला. आता त्याची डिजिटल आवृत्ती स्वस्तात मिळते. माझा आग्रह असा, की झाड विकत घेण्याआधी हा थर्मामीटर घ्यावा आणि ज्या जागी पेटी ठेवायची त्या जागी तो एप्रिल-मे आणि डिसेंबर-जानेवारी असा दोन्ही ऋतूंत ठेवून पाहावा. म्हणजे आपण झाड निवडत नाही, आपली रात्र झाड निवडते, हे लक्षात येईल.

पुण्याचे आणि मुंबईचे उदाहरण घेऊ. पुण्यात एप्रिलमध्ये दुपार अडतीस-चाळीस अंशांची, पण हवा कोरडी आणि रात्र वीस-बावीसपर्यंत उतरणारी. जानेवारीत पहाट दहा-बारा अंशांची. मुंबईत मे महिन्यात दुपार तेहतीस-चौतीसची, पण रात्र सत्तावीसच्या खाली जायला तयार नाही, आणि हवा दमट. दुपारचा आकडा पाहिला तर मुंबई सौम्य वाटते. झाडाच्या दृष्टीने ती पुण्यापेक्षा कठीण आहे. म्हणूनच दादरच्या माझ्या मावसबहिणीला मी सखल मलेशियातली एम्प्युलारिया ही घटपर्णी सुचवली आणि ती तिथे आनंदात आहे. पुण्यात तिला हिवाळ्यात कुडकुडायला होते, पण खासियाना उत्तम रमते. अर्थात ती रोपवाटिकेत वाढवलेली हवी. ही जात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही सर्वांत कडक गटात. रानातून उपटलेली घेणे हा गुन्हा आहे आणि पापही.

फ्लायट्रॅपविषयी माझे मत अधिक कडक आहे. त्याला काचपेटीत ठेवूच नये. त्याला हवे भरपूर ऊन, मोकळा वारा आणि हिवाळ्याची झोप. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गार झाल्या की तो पाने आखडून घेतो. तेव्हा त्याला दिव्याखाली, उबदार पेटीत जागे ठेवणे म्हणजे माणसाला वर्षानुवर्षे रात्रपाळी करायला लावणे होय. दोन-तीन वर्षे तो निभावतो, मग खचतो. पुणे, नाशिकसारख्या ठिकाणी उत्तरेकडच्या उघड्या गॅलरीत त्याला निदान हलकी झोप तरी मिळते. मुंबईत तीही नाही. मग मुंबईत तो का विकला जातो? कारण विकणाऱ्याची जबाबदारी पहिल्या महिन्यापुरती असते. त्याच्या मायदेशातही त्याच्यामागे चोर लागले. उत्तर कॅरोलिनात २०१४पासून रानातला फ्लायट्रॅप चोरणे हा तुरुंगवासाचा गंभीर गुन्हा आहे. विकत घेतलेले रोप प्रयोगशाळेतल्या ऊतिसंवर्धनाचे असले तरी ते दरवर्षी मरावे आणि दरवर्षी नवे घ्यावे, हा व्यवहार मला फुलदाणीतल्या फुलांइतका निरागस वाटत नाही.

ज्यांनी योग्य झाड निवडले आहे, त्यांच्यासाठी युक्त्या थोड्या आणि स्वस्त आहेत. पेटी पश्चिमेच्या भिंतीला लावू नये. ती भिंत रात्री दहापर्यंत उष्णता ओकत असते. एलईडी दिवा काचेवर न टेकवता चार बोटे वर ठेवावा आणि जुनी ट्यूब असेल तर तिचा चोक पेटीबाहेर काढावा. संध्याकाळी झाकण पूर्ण उघडावे आणि संगणकातला लहानसा पंखा लावून आतली गरम हवा बाहेर काढावी. कोरड्या गावांत कुंडीत कुंडी ठेवावी : बाहेरची मातीची, आतली प्लॅस्टिकची आणि मध्ये ओली वाळू. मुळे गार राहिली, की पान बरेच सोसते. मात्र ही युक्ती उघड्यावरच चालते, बंद काचेत नाही. पाणी पावसाचे किंवा आरओ यंत्राचे द्यावे आणि तेही संध्याकाळी. बर्फाची बाटली पेटीत ठेवण्याचा उपाय पुष्कळजण सांगतात. एखाद्या भयंकर रात्री तो ठीक आहे. रोजचा औषधोपचार म्हणून नाही.

यावर हौशी मंडळी मला हसतात. त्यांचे म्हणणे, 'यंत्रे कशासाठी आहेत?' काचेच्या दाराचा शीतकपाट घ्यावा, त्याला टायमर जोडावा, धुके करणारे यंत्र बसवावे आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये किनाबालू उभा करावा. असे करणारे लोक आहेत, त्यांच्या सुरया देखण्या आहेत आणि त्यांच्या चिकाटीविषयी मला आदर आहे. वनस्पती उद्यानांनी तर हे केलेच पाहिजे. रानातली एखादी जात संपली, तर तिचे शेवटचे रोप अशाच कपाटात असेल. पण घरोघरच्या दिवाणखान्यासाठी मला हा मार्ग मान्य नाही. एक तर वीज जाते. एप्रिलमध्ये सहा तास वीज गेली, की तो किनाबालू पुन्हा कोथरूड होतो, आणि सवय मोडलेले झाड त्या धक्क्याने आडवे पडते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. कुठलेही शीतयंत्र थंडी निर्माण करत नाही. ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकते, वर स्वतःची भर घालते. माझ्या पेटीतली रात्र थंड व्हावी म्हणून मी माझ्या खोलीची, आणि एसी लावला तर शेजाऱ्याच्या खिडकीची, रात्र गरम करतो. छंदाची किंमत शेजाऱ्याने का मोजावी?

याउलट आपल्या सह्याद्रीतल्या कीटकभक्षी वनस्पतींनी तापमानाचा प्रश्न कसा सोडवला आहे ते पाहण्यासारखे आहे. साताऱ्याजवळचे कास पठार, कोकणातले आणि गोव्यातले जांभ्याचे सडे, इथे पावसाळ्यात दवबिंदू उगवतो आणि 'सीतेची आसवे' या गोड नावाखाली जांभळ्या-निळ्या फुलांच्या चादरी पसरतात. त्या फुलांच्या मुळाशी पाण्यातल्या बारीक जिवांना क्षणार्धात ओढून घेणाऱ्या सूक्ष्म पिशव्या आहेत, हे फुलांचे फोटो काढणाऱ्या शेकडो लोकांना ठाऊकही नसते. तोच खडक एप्रिलमध्ये पाय टेकवू देत नाही. मग ही झाडे उन्हाळ्यात काय करतात? ती नसतात. दवबिंदूसारखी वर्षायू झाडे पाऊस ओसरला की बी टाकून निघून जातात आणि वैशाख बीच्या रूपात काढतात. उष्णतेशी भांडायचे नाही, तिच्या वाटेतून बाजूला व्हायचे, हे त्यांचे शहाणपण. २०१२मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या एकोणचाळीस ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कास आहे. तिथले झाड उपटून पेटीत लावण्याचा मोह ज्याला होईल, त्याने एवढे लक्षात ठेवावे, की ते दिवाळीनंतर तसेही राहणार नाही. त्याला पाहायचे तर सप्टेंबरात तिथे जावे, वाकून पाहावे आणि रिकाम्या हाताने परत यावे.

कुणी म्हणेल, चार श्रीमंत शौकिनांच्या काचपेट्यांसाठी रविवारचे पान कशाला? माझे उत्तर असे, की काचपेटी हे निमित्त आहे. रात्र गरम झाली की झाडाचा हिशेब बिघडतो, हा नियम घटपर्णीपुरता नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरच्या नोंदी २००४मध्ये प्रसिद्ध झाल्या. १९७९ ते २००३ या काळात तिथले कमाल तापमान सरासरी ०.३५ अंशांनी वाढले होते, तर किमान तापमान १.१३ अंशांनी, आणि कोरड्या हंगामात किमान तापमानातल्या दर एका अंशाच्या वाढीमागे भाताचे उत्पन्न सुमारे दहा टक्क्यांनी घटत होते. दुपारच्या वाढीचा तसा परिणाम दिसला नाही. आपल्याकडे हापूसच्या बागाइतदाराला हे शास्त्रज्ञांनी सांगावे लागत नाही. थंडी पडली तर मोहोर, हे त्याला आजोबांनी सांगितले आहे, आणि डिसेंबरची रात्र उबदार गेली की त्याच्या पोटात गोळा येतो.

आपण मात्र तापमान म्हटले की दुपारचाच आकडा पाहतो. वर्तमानपत्रात मथळा होतो तो बेचाळीस अंशांचा. किमान तापमान कोपऱ्यातल्या तक्त्यात पडून असते. शहरांत काँक्रीट आणि डांबर दिवसाची उष्णता रात्रभर परत करत राहतात, झाडे तुटतात, एसी वाढतात, आणि पहाटेचा आकडा गुपचूप वर सरकत राहतो. मैदानातले झाड फार तर वरच्या बाजूला सरकेल. पण जे आधीच माथ्यावर आहे, जसे टेपुईवरची हेलिअँफोरा, त्याने कुठे जायचे? डोंगराला माथ्यानंतर पुढचा मजला नसतो. तापणाऱ्या पृथ्वीवर त्या झाडांची अवस्था झाकण लावलेल्या पेटीतल्या झाडासारखी आहे, आणि तिथे झाकण उघडायला कुणी काका नाही.

म्हणून मुलांना ही झाडे जरूर आणून द्यावीत. हट्टाला नकार देऊ नये. कीटक पकडणारे पान पाहून मूल जे शिकते, ते दहा पुस्तकांतून शिकत नाही. पण झाडाबरोबर एक थर्मामीटर आणि एक वहीही द्यावी, आणि रोज सकाळी शाळेला जाण्यापूर्वी रात्रीचा आकडा लिहायला सांगावा. 'आज किती माशा खाल्ल्या' याची नोंद चार दिवसांत कंटाळवाणी होते. 'काल रात्र किती गार होती' ही नोंद वर्षभर चालली, तर ते मूल आपल्या गावाच्या हवामानाचे साक्षीदार होईल. दहा-वीस वर्षांनी ती वही उघडली जाईल, तेव्हा त्यातल्या डिसेंबरांकडे पाहून त्याला आपल्या पिढीविषयी काय वाटावे, हे ठरवणे अजून काही प्रमाणात आपल्या हातात आहे.